धुऱ्यावरच्या केकताडाची दारू निघते का? वाळवंटातली बाकानोरा, आपला कायदा आणि शेतकऱ्याचा हिशोब

वाशिम : मोबाईलवर सध्या एक व्हिडिओ फिरतो आहे. परदेशातली दोन-तीन माणसं केकताडाची पानं छाटतात, मधला गड्डा खड्ड्यात भाजतात आणि शेवटी नळीतून दारूची धार पडते. आमच्या गावच्या पारावर तो पाहून एकानं लगेच विचारलं, "काहो भाऊ, हे तं आपल्याच धुऱ्यावरचं केकताड हाय. याची दारू निघते म्हन्ते?" दुसऱ्यानं त्याच्याही पुढं जाऊन रोपं कुठं मिळतील ते विचारलं.

उत्तर दोन भागांत आहे. झाड त्याच कुळातलं आहे, आणि त्या कुळातल्या काही जातींपासून दारू बनते, हे खरं. पण ती घरी किंवा शेतात गाळणं आपल्या राज्यात गुन्हा आहे, आणि दारूच्या नावावर कोणी रोपं विकायला आला तर पैसे काढण्याआधी पुढचा हिशोब वाचून घ्या.

केकताड म्हणजे नेमकं कोणतं झाड?

आपण ज्याला केकताड किंवा घायपात म्हणतो, त्याचं शास्त्रीय कुळ अगेव्ह. मूळ मेक्सिको आणि आसपासच्या मुलखातलं. जाड, टोकाला काटा असलेली पानं जमिनीतूनच गोल फुटतात. पाणी नसलं तरी जगतं, बरड जमिनीवर येतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून कुंपणाला, नाल्याच्या काठाला आणि रेल्वेच्या कडेला ते लावलं गेलं.

आपल्याकडे याची ओळख दोरासाठी. पानं पाण्यात कुजवायची, ठोकून धुवायची, वाळवायची. जो धागा निघतो तो वाख. वाखाचे दोर, कासरे, दावे, चऱ्हाटं मातंग समाजातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वळत आले. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर चढायचा तो याच वाखाचा. नायलॉन आलं आणि हे काम मागं पडलं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. केकताड दिसायला एकसारखं असलं तरी जाती वेगळ्या आहेत. रुंद, निळसर, काठाला काटे असलेल्या पानांची एक जात (अगेव्ह अमेरिकाना). सरळ, तलवारीसारख्या पानांची दुसरी (सिसल), ती धाग्यासाठी लावतात. दारूला सगळ्या जाती चालत नाहीत. कच्च्या पानाचा रस अंगावर उडाला तर खाज सुटते, फोडही येतात. पानं छाटताना हात आणि डोळे सांभाळायचे, हे ज्यांनी धुरा साफ केला त्यांना सांगायला नको.

वाळवंटात ही दारू कशी बनते?

मेक्सिकोच्या उत्तरेला सोनोरा नावाचं राज्य आहे, बरंचसं वाळवंटी. तिथं डोंगराळ भागातली माणसं अगेव्हपासून बाकानोरा नावाची दारू हातानं बनवतात. बाकानोरा हे तिथल्या एका गावाचंही नाव आहे. दक्षिणेकडच्या ओआहाका राज्यात जी बनते ती मेझकाल. टकीला ही याच घराण्यातली, पण ती निळ्या अगेव्हची आणि आता बहुतेक मोठ्या कारखान्यांतली. हाताचं काम बाकानोरा आणि मेझकालमध्ये जास्त टिकलं आहे.

काम टप्प्याटप्प्यानं असं चालतं.

*झाड निवडणे.* अगेव्ह आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग मरतं. फुलायच्या आधी मधून उंच दांडा निघतो. आपल्या धुऱ्यावरही तो दिसतो, विजेच्या खांबासारखा सरळ वर जातो. आयुष्यभर साठवलेली सगळी साखर झाड त्या दांड्यात घालतं. म्हणून कारागीर दांडा निघता निघताच छाटतो आणि झाड काही महिने तसंच ठेवतो. साखर गड्ड्यातच राहते.

*गड्डा काढणे.* पानं बुडापासून छाटली की जो गोळा उरतो तो अननसासारखा दिसतो. तिकडं त्याला अननसच म्हणतात. जातीप्रमाणे तो वीस-तीस किलोपासून त्याच्या दुप्पट-तिप्पट वजनापर्यंत भरतो.

*भाजणे.* जमिनीत खड्डा, आतून दगड लावलेले. त्यात लाकडं पेटवून दगड लालभडक करतात. सोनोरात यासाठी मेस्किट नावाचं लाकूड वापरतात. आपली वेडी बाभूळ त्याच जातकुळीची. निखारे झाले की गड्डे रचायचे, वरून झाकायचं, मातीनं बुजवायचं. दोन दिवस, कुठं चार-पाच दिवस. आपण हुरड्याची कणसं आगटीत भाजतो, त्याचाच हा मोठा अवतार.

हे भाजणं चवीपुरतं नसतं. कच्च्या गड्ड्यातली साखर लांब साखळीच्या रूपात असते, ती नेहमीच्या यीस्टला सहजी खाता येत नाही. लांबलचक शेक मिळाला की साखळी तुटते आणि गोड साखर तयार होते. भाजलेला गड्डा गुळासारखा गोड लागतो. म्हणजे नुसतं कच्चं केकताड कुटून पिंपात भरलं तर हाती घाण पाणी आणि खाज, दुसरं काही नाही.

*कुटणे.* भाजलेले तुकडे कुऱ्हाडीनं, लाकडी मोगरीनं कुटतात. ओआहाकात दगडी चाक घोड्या-खेचराकडून गोल फिरवतात. जुन्या माणसांनी चुन्याची घाणी पाहिली असेल, बैल जुंपून दगडी चाक फिरवायचे ती. अगदी तशीच.

*आंबवणे.* रस आणि चोथा लाकडी पिंपात किंवा जमिनीतल्या हौदात ठेवतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, हवेतलं आणि झाडावरचं काम करतं. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. आठ-दहा दिवस लागू शकतात. कारागीर वास घेऊन आणि कान लावून ओळखतो. फसफस थांबली की झालं.

*गाळणे.* तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यात दोनदा. पहिल्या वेळी कमी कडक पाणी निघतं, दुसऱ्या वेळी खरी दारू. सुरुवातीची धार आणि शेवटची धार वेगळी काढतात, मधली ठेवतात. कडकपणा पाहायला दारू वरून वाटीत सोडतात आणि तिच्यावर मण्यांसारखे बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघतात. आता यासोबत प्रयोगशाळेची तपासणीही लागते. मेझकालच्या सरकारी नियमात मिथेनॉल किती असावं याची वरची हद्द ठरवून दिलेली आहे. ती पाळली नाही तर बाटलीवर मेझकाल हे नाव लावता येत नाही.

77 वर्षं चोरून गाळली

बाकानोराची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. 1915 मध्ये सोनोराच्या सरकारनं दारूबंदी केली आणि बाकानोरा बनवणं गुन्हा ठरलं. भट्ट्या फोडल्या गेल्या, माणसं पकडली गेली. काम थांबलं नाही, डोंगराच्या घळीत गेलं. 1992 मध्ये बंदी उठली. म्हणजे 77 वर्षं ही दारू चोरून निघत होती. 2000 मध्ये तिला भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं. आता सोनोरातल्या ठरलेल्या भागाबाहेर बनलेल्या दारूला बाकानोरा म्हणता येत नाही.

यातून एक गोष्ट दिसते. दारू तीच, झाड तेच, हात तेच. फरक पडला तो कायद्यानं आणि नावानं. चोरीच्या दारूला भाव गिऱ्हाईक ठरवतं, नावाच्या दारूला बनवणारा थोडा तरी बोलू शकतो.

आपल्या देशात कुठं?

अगेव्हची दारू भारतातही बनते. डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या पठारावर उगवणारं अगेव्ह वापरून आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात कारखाना उभा केला आणि 2011 मध्ये गोव्यात ती दारू बाजारात आणली. टकीला हे नाव वापरता येत नसल्यानं बाटलीवर अगेव्हची दारू असंच लिहावं लागलं. त्यानंतर आणखी काही कंपन्या यात उतरल्या. हे सगळे परवाने, भांडवल आणि प्रयोगशाळा असलेले लोक आहेत. धुऱ्यावर भट्टी लावून झालेलं काम नाही.

नावाचं बळ काय असतं ते गोव्यात दिसतं. काजूच्या बोंडांचा रस आंबवून गाळतात, पहिल्या गाळपाची उर्राक, पुढच्या गाळपाची फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारनं फेणीला वारशाचा दर्जा दिला. शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूसाठी हेरिटेज धोरण आणलं आणि अलिराजपूर, दिंडोरीकडं आदिवासी बचत गटांकडून ती परवान्यानिशी बनू लागली.

आपल्याकडं महाराष्ट्रात 2021 मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध सैल झाले. लाडू, सरबत, जॅम करायला वाट मोकळी झाली. दारू गाळायला नाही. हा फरक अनेकांच्या लक्षात आला नाही आणि काही जण उगीच केसमध्ये अडकले.

कायदा काय म्हणतो?

पोलिसांच्या बातमीत आपण नेहमी वाचतो, "सडवा मोहमाच जप्त, दारूबंदी कायद्याच्या कलम 65 प्रमाणे गुन्हा दाखल." हा कायदा म्हणजे 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा. कलम 65 मध्ये फक्त विकणं येत नाही. परवान्याशिवाय दारू बनवणं, भट्टी बसवणं किंवा चालवणं, बाटलीत भरणं, विकणं-घेणं, आणि दारू बनवण्यासाठी सामान, भांडी किंवा कच्चा माल बाळगणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तुरुंगवास आणि दंड, दोन्ही.

कायदा मोहाला एक आणि केकताडाला दुसरा नाही. "हे तर परदेशी प्रकारचं, प्रयोग म्हणून केलं" हे ठाण्यात चालत नाही. दोन पिंपं आंबवलेला माल आणि एक नळी सापडली तरी केस होते. एकदा केस लागली की पोरांच्या नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ती निघते.

केकताड लावणं, वाढवणं, पानं किंवा गड्डा विकणं यावर बंदी नाही. फक्त ते स्वतःच्या शेतातलं असावं. वनखात्याच्या जमिनीवरून किंवा गायरानातून विनापरवानगी काढू नका.

विषाचा धोका

हातभट्टीच्या दारूनं आपल्या राज्यात फार माणसं गेली. 2004 मध्ये मुंबईत विक्रोळीला, 2015 मध्ये मालवणीला. मालवणीत शंभरावर माणसं मेली. कारण होतं मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात लागणारं विषारी स्पिरिट दारूत मिसळलं गेलं होतं.

मिथेनॉल थोड्या प्रमाणात फळांच्या आणि अगेव्हच्या दारूत आपोआपही तयार होतं. अनेक जण म्हणतात, पहिली धार फेकली की विष गेलं. हा समज पुरता खरा नाही. मिथेनॉल पहिल्या धारेतच संपत नाही, पुढच्या धारेतही येत राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही, वासावरून वेगळं ओळखू येत नाही, पेटवून पाहिलं तरी खात्री होत नाही. तपासणी प्रयोगशाळेतच होते. त्यात नवसागर, गंजलेले डबे, शिशाचा जोड असलेल्या नळ्या, हे वेगळंच.

दारू पिल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढं धुकं आल्यासारखं दिसलं, पोटात जोरात दुखलं, उलट्या झाल्या, दम लागला, तर "उतरेल थोड्या वेळानं" म्हणून झोपवू नका. 108 ला फोन करा, सरकारी दवाखान्यात न्या आणि काय पिलं ते डॉक्टरला खरं सांगा. लवकर पोहोचलं तर उपचार आहेत. उशीर झाला तर डोळे जातात, जीव जातो. सोबत ज्यांनी पिली त्यांनाही उठवून न्या, त्यांना त्रास सुरू झाला नसला तरी.

शेतकऱ्याचा हिशोब

आता पैशाकडं येऊ. कोणी म्हणालं, "केकताड लावा, दारू कंपनी घेते, एकरी लाखो रुपये," तर तीन गोष्टी तपासा.

पहिली, वेळ. सिसल नाही, दारूचं अगेव्ह तयार व्हायला सहा-आठ वर्षं, काही जातींना दहा-बारा किंवा त्याहून जास्त. तोवर त्या जागेतून काही हाती नाही. सोयाबीन शंभर दिवसांत फसलं तर पुढच्या वर्षी तूर लावता येते. इथं फसलं हे दहा वर्षांनी कळतं.

दुसरी, उतारा. मेझकालला साधारण दहा किलो गड्ड्यामागं एक लिटर दारू निघते असं धरतात. जात, हंगाम, कारागीर यावर कमी-जास्त. म्हणजे चाळीस किलोचा गड्डा, दहा वर्षं वाट पाहून, चार लिटर. त्यातली कमाई गाळणाऱ्याची आणि नाव असणाऱ्याची. शेतकऱ्याला गड्ड्याच्या किलोचा भाव.

तिसरी, भाव. हा तर आपला रोजचा विषय. मेक्सिकोत टकीलाच्या अगेव्हचा भाव 2018 नंतर काही वर्षं किलोला तीस पेसोंच्या आसपास राहिला. सगळ्यांनी अगेव्ह लावलं. ते तयार झालं तेव्हा, 2024 पर्यंत, भाव दहा पेसोंच्या बराच खाली कोसळला. चढ्या भावात लावायचं आणि मंदीत काढायचं, ही गत तिथल्या शेतकऱ्याचीही चुकली नाही.

आपण सफेद मुसळी पाहिली, जट्रोफा पाहिला, ईमू पाहिला. प्रत्येक वेळी रोप किंवा पिल्लू विकणारा कमावून गेला आणि घेणारा दारात बसला. माझ्या घरीही त्यातल्या एकाची रिकामी जाळी अजून आहे, कोंबड्यांना उपयोगी पडते. म्हणून एकच सांगणं. माल घेणाऱ्या कंपनीचा लेखी करार, तिचा परवाना आणि आज कोणत्या शेतकऱ्याकडून ती किती माल घेते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रोपाला पैसे देऊ नका. कृषी सहायकाला आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

मग धुऱ्यावरच्या केकताडाचं काय करायचं?

जेसीबी आला की पहिल्यांदा केकताडच उपटलं जातं. कारण ते रिकामं रान वाटतं. ते करू नका.

नाल्याच्या काठाला ते माती धरून ठेवतं. दाट लावलं तर मोकाट जनावरं अडतात. रोही आणि रानडुक्कर यांना ते पूर्ण रोखत नाही हे मान्य, पण तारेच्या कुंपणाखाली दुसरी ओळ म्हणून कामाला येतं आणि खर्च शून्य. बुडाला पिल्लं फुटतात, पावसाळ्याच्या तोंडावर ती काढून खिंडारात लावली की झालं.

वाखाला आजही गिऱ्हाईक आहे, पण हातानं वाख काढणं फार कष्टाचं. पानं चिरून धागा काढायची मशीनं आहेत, ओडिशात बामरा इथं सिसलवर सरकारी संशोधन केंद्रही आहे. बचत गटाला दोर, पायपुसणी, पिशव्या असं काही करायचं असेल तर चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. आणि गावात वाख वळणारा एखादा म्हातारा कारागीर अजून असेल, तर आधी त्याच्याकडं जाऊन बसा. मेक्सिकोच्या भट्टीवाल्याचा व्हिडिओ आपण दहादा पाहिला. आपल्या माणसाचा हात चालताना कोणी मोबाईल धरला नाही.

थोडक्यात

- केकताड आणि मेक्सिकोतलं दारूचं झाड एकाच कुळातलं, पण प्रत्येक जात दारूची नाही.
- कच्च्या गड्ड्याची दारू होत नाही. भाजणं, आंबवणं, दोनदा गाळणं आणि तपासणी लागते.
- परवान्याशिवाय गाळणं, भट्टी लावणं, सामान बाळगणं हा कलम 65 खाली गुन्हा.
- पहिली धार फेकली म्हणून दारू बिनविषारी होत नाही. त्रास झाला तर 108.
- लेखी खरेदी कराराशिवाय रोपं घेऊ नका.
- धुऱ्यावरचं केकताड उपटू नका, पिल्लं खिंडारात लावा.

(हा लेख माहितीसाठी आहे. दारू पिणं आरोग्याला घातक आहे.)